पडवीतली घार खाते, शांत बसते, तरी तिचे शरीर का ढासळते?

प्रश्न असा आहे: गुहागर तालुक्यातल्या एका किनारी गावात नायलॉनच्या जाळ्यात अडकलेली ब्राह्मणी घार सापडली. पंख कापला होता, डाव्या पायाला जाळ्याचा काच पडला होता. वनविभागाला कळवले, पशुवैद्यांनी टाके घातले. जवळपास पक्ष्यांसाठी सोय नसल्याने वनविभागाच्या संमतीने गेले तीन आठवडे ती एका घराच्या पडवीत, कोंबड्यांसाठी वापरतात तसल्या तारेच्या जाळीच्या पिंजऱ्यात आहे. बांगडा खाते, शांत बसते, जखम भरली. पण हाताला हलकी लागते, शेपटीची पिसे मोडली आहेत आणि उजव्या पायाचा तळवा लालसर, गुळगुळीत झाला आहे. बंदिवासाने पक्ष्याच्या शरीरात नेमके काय होते, आणि हिला सोडायची कधी?

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. वजन, शेपटी आणि तळवा ही तिन्ही दुखणी जाळ्याने दिलेली नाहीत, ती पिंजऱ्यातली आहेत. म्हणून ती पिंजऱ्यातच थांबवावी लागतील, आणि त्यातली एक तर आज संध्याकाळपर्यंत थांबवता येईल.

"शांत बसते" यावर विसंबू नका. शिकारी पक्षी आजारपण लपवतो. अशक्त दिसला की त्याच्यावर कोणी ना कोणी झडप घालणार, हे त्याच्या अंगात मुरलेले असते. माणूस चार हातांवर आला की घार दगडासारखी स्थिर होते, पण आत छाती धडधडत असते. पक्ष्यांच्या अंगावर हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रे लावून हे वेगवेगळ्या जातींत दिसून आले आहे: पक्षी हलत नाही, पाहणाऱ्याला निवांत वाटतो, आणि ठोके मात्र वाढलेले असतात. पडवी म्हणजे घरातला सर्वांत वर्दळीचा भाग. येणारा-जाणारा, कुत्रा, मांजर, मोबाइलवर फोटो काढायला आलेली मुले, या प्रत्येकाचा हिशेब ते शरीर ठेवत असते.

त्या हिशेबाचे चलन म्हणजे कॉर्टिकोस्टेरॉन हे संप्रेरक. पक्षी हातात धरल्यापासून तीनेक मिनिटांतच ते रक्तात वाढायला लागते. म्हणूनच संशोधकांना मूळ पातळी हवी असेल तर त्यांना त्या आत रक्त घ्यावे लागते. अर्ध्या-एक तासात ते शिगेला पोचते. जंगलात हे उपयोगाचे असते: साखर रक्तात येते, पचन-प्रजनन बाजूला पडते, पळायला बळ मिळते. धोका टळला की पातळी उतरते. पिंजऱ्यात धोका टळतच नाही. मग तेच संप्रेरक स्नायूंतली प्रथिने मोडून साखर करत राहते आणि रोगप्रतिकारशक्ती दाबून टाकते. तुमची घार भरपूर खाऊनही हलकी लागते यामागे हे एक कारण आहे. चिमण्या आणि युरोपीय साळुंक्यांवर यासंबंधी बराच अभ्यास झाला आहे. पकडल्यानंतरच्या पहिल्या दिवसांत वजन उतरणे हे तिथे नेहमीचेच. पुढे काही जाती काही आठवड्यांत रुळतात, काही महिनोन्‌महिने रुळत नाहीत. जातीजातींत फरक इतका आहे की एका पक्ष्याचा अनुभव दुसऱ्याला लावू नये.

तपासणीचा सोपा मार्ग म्हणजे रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर. ताण लांबला की हेटरोफिल या पांढऱ्या पेशी वाढतात आणि लिंफोसाइट घटतात. लाइशमन किंवा गिम्सा रंग तालुक्याच्या कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबमध्ये असतो. मात्र लॅबवाल्याला बजावून सांगा की मोजणी यंत्रावर करायची नाही. पक्ष्यांच्या लाल पेशींनाही केंद्रक असते, त्यामुळे माणसासाठी बनवलेले यंत्र त्यांना पांढऱ्या पेशी समजते आणि आकडे निरर्थक येतात. डोळ्यांनीच मोजावे लागते.

आता वजन. अंदाजाने "हलकी लागते" म्हणून चालत नाही. पाच किलोपर्यंतचा, ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. रोज सकाळी त्याच वेळी, खाणे देण्याआधी, घारीला काळ्या कापडी पिशवीत घालून वजन करा आणि पिशवीचे वजन वजा करा. या जातीचे वजन साधारण अर्ध्या किलोच्या आसपास असते. आल्या दिवसाच्या तुलनेत 10 टक्के घट झाली तर काहीतरी बिघडले आहे, 20 टक्के झाली तर जिवावर बेतले आहे. सोबत छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवा. हाडाच्या दोन्ही बाजूंचे मांस गोल भरलेले लागले तर ठीक. हाडाची धार सुरीसारखी वर आलेली लागली, बाजू आत गेल्यासारख्या वाटल्या, तर उडायचा स्नायू वितळत आहे. न वापरलेला स्नायू असा वितळतोच, खाणे कितीही द्या.

विष्ठाही रोज बघा. निरोगी विष्ठेत तीन भाग असतात: गडद मळ, पांढरा युरेट (मूत्रातला घट्ट भाग) आणि भोवतीचे स्वच्छ पाणी. सगळे गर्द हिरवे दिसले तर पोट रिकामे आहे. पांढरा भागच हिरवट झाला तर यकृताकडे बघायला हवे. तळाला वर्तमानपत्र घातले असेल तर हे एका नजरेत कळते.

वर्तमानपत्रच म्हणतो, पेंढा नको. कोकणात पावसाळ्यात हवेतली आर्द्रता 85-90 टक्क्यांवर जाते, आणि भाताचा पेंढा, गवत, नारळाच्या सोडणाचा भुसा हे सगळे दोन दिवसांत बुरशी धरतात. अ‍ॅस्परजिलस या बुरशीचे बीजाणू डोळ्यांना दिसण्याआधीच हवेत असतात. पक्ष्याला आपल्यासारखे श्वासपटल (छाती आणि पोट यांमधला पडदा) नसते. फुप्फुसांमागे वायुकोशांची मालिका असते, तिथली कातडी अतिशय पातळ, रक्तपुरवठा कमी आणि तापमान उबदार (पक्ष्याचे शरीर 40 ते 42 अंश सेल्सिअसचे). बीजाणूला हवी तशीच जागा. धडधाकट पक्षी ते झटकून टाकतो, ताणाने प्रतिकारशक्ती दबलेला पक्षी टाकू शकत नाही. शिकारी पक्षी आणि समुद्री पक्षी यांना हा रोग जास्त होतो. लक्षणे उशिरा येतात: खाऊनही वजन घटते, आवाज बदलतो, श्वासागणिक शेपटी वरखाली होते. तोवर गाठी झालेल्या असतात, आणि इट्राकोनॅझोल किंवा व्होरिकोनॅझोल ही बुरशीवरची औषधे महिनोन्‌महिने देऊनही बऱ्याचदा पक्षी वाचत नाही. म्हणून तळाला रोज बदललेले कागद, भिंतीला ओल नको, हवा खेळती. पडवीच्या शेजारी चूल असेल तर धूर पिंजऱ्यापर्यंत जाता कामा नये. मच्छर अगरबत्तीही नको, तिच्याऐवजी पिंजऱ्यावर मच्छरदाणी टाका. डासांमुळे पक्ष्यांची देवी पसरते, त्यामुळे मच्छरदाणी तशीही हवीच. कोंबड्यांचे खुराडे जवळ असेल तर पिंजरा आजच हलवा. मानमोडीसारखे (राणीखेत) कोंबड्यांचे रोग तिकडून इकडे यायला वेळ लागत नाही.

आता तळवा, जो मला तुमच्या प्रश्नात सर्वांत जास्त खटकला. घारीचा तळवा निरोगी असतो तेव्हा त्यावर बारीक खरखरीत दाणे असतात, त्यांनीच ती निसटता मासा धरून ठेवते. पाऊल उलटे करून उन्हात बघा. दाणे झिजून त्वचा चकचकीत, सपाट, गुलाबी झाली असेल, तर ती बंबलफूट या दुखण्याची पहिली पायरी. पुढच्या पायरीला मधोमध काळी खपली धरते. त्यापुढे बोटांमध्ये सूज, आत पू, बहुधा स्टॅफिलोकोकस जीवाणूचा. शेवटी संसर्ग हाडात आणि स्नायुबंधात उतरतो आणि ते पाऊल कायमचे जाते. शिकारी पक्ष्याचे पाऊल गेले म्हणजे तोच गेला.

हे होते कशामुळे? डावा पाय दुखरा म्हणून ती सगळा भार उजव्यावर टाकते. जंगलात ती दिवसातला बराच वेळ हवेत असते, फांद्या बदलते, तळव्यावरचा दाब सतत बदलतो. पिंजऱ्यात एकच दांडी, एकाच जाडीची, बहुधा पीव्हीसीचा पाइप किंवा घासून गुळगुळीत केलेली काठी. रोज त्याच जागी तोच दाब, त्याने तिथले रक्ताभिसरण मंदावते आणि कातडी मरते. उपाय स्वस्त आहे. आंब्याच्या किंवा फणसाच्या सालीसकट फांद्या आणा, निदान तीन, प्रत्येक वेगळ्या जाडीची. एकीवर दारात घालायच्या पायपुसण्याची कृत्रिम हिरवळ गुंडाळा. सुंभ गुंडाळण्याचा मोह होतो, उन्हाळ्यात चालतोही, पण पावसाळ्यात सुंभ ओला राहतो आणि बुरशी धरतो. दांड्या आठवड्याला बदला. पायाला हळद-खोबरेल अजिबात लावू नका. तेल पायावरून पोटाच्या पिसांना लागते आणि पिसांची गुंफण मोडते. आजच्या टप्प्यावर स्वच्छ सलाइनने धुणे आणि दांडी बदलणे पुरे. काळी खपली दिसली तर ती खरवडू नका, पशुवैद्यांना दाखवा.

पिसांचे नुकसान मात्र मागे घेता येत नाही, निदान लवकर तरी नाही. मोडलेले पीस पुढच्या पीसझडीपर्यंत तसेच राहते, आणि एखादे पीस बदलायला वर्षही लागू शकते. घारीच्या शेपटीत 12 पिसे असतात, प्रत्येक पंखात 10 मोठी उड्डाणपिसे. मोडलेल्या शेपटीने ती वळू शकत नाही, वळता आले नाही तर मासा धरता येत नाही. तारेच्या षटकोनी जाळीत शेपटीची टोके अडकून तुटतात, पंखाच्या पुढच्या कडेची कातडी सोलवटते, चोचीच्या मुळाशी रक्त येते. आज संध्याकाळपर्यंत थांबवता येण्यासारखे म्हणालो ते हेच. जाळीला आतून शेडनेट किंवा जुनी चादर ताणून बांधा, चारही बाजूंनी. त्याने नजरेआड होते आणि ताणही उतरतो. नवा पिंजरा करणार असाल तर तार नकोच. बांबूच्या उभ्या पट्ट्या, मधे तीन-चार सेंटिमीटर फट. उभ्या पट्टीवर पक्ष्याला चढून लोंबकळता येत नाही, म्हणून पिसे वाचतात.

उरलेल्या शेपटीला पिसांच्या लांबीचा एक लिफाफा करा, जुन्या एक्सरे फिल्मचा किंवा जाड कागदाचा, आणि शेपटीच्या मुळाशी कागदी चिकटपट्टीने धरा. आत विष्ठा साचते, रोज पाहावे लागते. मोडलेली पिसे जोडताही येतात: त्याच जातीच्या, त्याच बाजूच्या, त्याच क्रमांकाच्या झडलेल्या पिसाची दांडी कापून, दोन दांड्यांच्या पोकळीत बांबूची तासलेली काडी घालून डिंकाने बसवायची. काडी तीन कोनी तासली तर पीस फिरत नाही. मोडलेले पीस उपटून नवे येण्याची वाट पाहणे हा घाईचा उपाय आहे. उपटताना मूळ जखमी झाले तर पुढची पिसे वाकडीच येतात. नवीन वाढणाऱ्या पिसांवर आडव्या फिकट रेषा दिसल्या तर त्या ताण-रेषा: ते पीस वाढत असताना काही दिवस उपासमार किंवा भीती झाली होती. तिथेच ते पुढे तुटते.

खाण्याबद्दल. एकटा बांगडा, तोही फ्रीजरमधला, हे पुरेसे नाही. दोन कारणे. एक, तारली आणि हेरिंगच्या कुळातल्या कित्येक माशांत थायामिनेज हे द्रव्य असते, ते बी1 जीवनसत्त्व मोडते, आणि मासा साठवणीत राहिला की हे काम चालूच राहते. शिवाय बांगड्यासारख्या गोठवलेल्या तेलकट माशातले ई जीवनसत्त्व कमी होते. बी1 कमी पडला की मान मागे वळते, पक्षी आकाशाकडे बघत राहतो, थरथरतो, शेवटी झटके येतात. बी1 दिल्यावर काही तासांत फरक पडतो, म्हणून हे ओळखता आले पाहिजे. मासे देणाऱ्यांचा रूढ हिशेब असा: दर किलो माशामागे 25 ते 30 मिलिग्रॅम बी1 आणि 100 आंतरराष्ट्रीय एकके ई. तुमच्या घारीला दिवसाला वजनाच्या 12-15 टक्के, म्हणजे 60 ते 75 ग्रॅम मासा, म्हणून बी1 दोन मिलिग्रॅम पुरते. गोळीचा चुरा माशाच्या कल्ल्यात भरा. दोन, हाडांचा प्रश्न. कापलेल्या मांसाच्या तुकड्यात कॅल्शियम नगण्य आणि फॉस्फरस भरपूर, त्यामुळे वाढत्या पिल्लाची हाडे मऊ होतात. लहान मासा अख्खा द्या, काटे-आतड्यांसकट. अधूनमधून खेकडा आणि उंदीर, पण उंदीर सापळ्यातला, विष घातलेल्या जागेचा नव्हे. सुकट, खारा बांगडा, शिजवलेले काही नाही.

खंगलेला पक्षी आला तर उलटी काळजी घ्यावी लागते: पहिल्याच दिवशी पोटभर मासा घातला तर रक्तातले फॉस्फेट कोसळून तो मरतो. आधी ऊब, मग कोमट द्रव, मग बिनकाट्याचे थोडेसे मांस. वेदनाशामकाबाबत कधीच स्वतः निर्णय घेऊ नका. डायक्लोफेनॅकमुळे गिधाडांची मूत्रपिंडे बंद पडतात, म्हणूनच भारतात ते जनावरांसाठी 2006 मध्ये बंद झाले. घराच्या औषधपेटीतली गोळी शिकारी पक्ष्याला घालू नये. पशुवैद्य बहुधा मेलॉक्सिकॅम देतात.

पंखाचा पट्टा अजूनही बांधलेला असेल तर दर तीन-चार दिवसांनी तो काढून, पशुवैद्यांच्या हाताखाली, सांधा हळू ताणून घेतला पाहिजे. खांदा आणि मनगट यांच्यामधली कातडीची पाळ बांधलेल्या अवस्थेत आखडते. हाड दोन-तीन आठवड्यांत सांधते, पण आखडलेली पाळ मोकळी होता होत नाही. जखमेपेक्षा पट्ट्याने कायमचे जायबंदी झालेले पक्षी कमी नाहीत.

इतर पक्ष्यांबाबत विचाराल म्हणून थोडक्यात. बगळे, चिखल्या, रोहित अशा लांब पायांच्या पक्ष्यांना पकडापकडीनेच स्नायू मोडायचा आजार होतो. पाठलाग आणि झटापटीत स्नायूंत आम्ल साचते, पेशी फुटतात, त्यातली द्रव्ये मूत्रपिंडात अडकतात. बगळा हातात आला तेव्हा ठीक वाटतो, दुसऱ्या दिवशी पायावर उभाच राहत नाही. म्हणून त्याला एकदाच, पहाटेच्या गारव्यात पकडायचे, पाय दुमडून न ठेवता खोक्यात उभे राहता येईल असे ठेवायचे. पावसाळ्यात किनाऱ्यावर थकून आलेल्या मास्क्ड बूबीसारख्या समुद्री पक्ष्याला कठीण जमिनीवर ठेवले की छातीच्या हाडावर व्रण पडतात, आणि स्वतःच्या विष्ठेने माखलेली पिसे पाणी धरू लागतात. त्याला जाळीदार तळ किंवा फोमचे कडे लागते. महिनाभर गोडे पाणीच दिले तर डोळ्यांवरची मीठ बाहेर टाकणारी ग्रंथी आकसते, सोडण्याआधी हळूहळू खारे पाणी द्यावे लागते. धनेशाला मांस, कुत्र्याचे खाद्य असे लोहयुक्त पदार्थ देऊ नका, त्याच्या यकृतात लोह साचते. उंबर, वड, पिंपळाची फळे हीच त्याची थाळी. घुबडाचे पिल्लू माणसाच्या हातून वाढले तर ते माणसालाच आपले समजते, आणि ही खूण पुढे पुसत नाही.

कायद्याचीही एक ओळ: 1972 च्या वन्यजीव कायद्यानुसार वन्य पक्षी घरात ठेवता येत नाही, वनविभागाच्या संमतीशिवाय उपचारासाठीही नाही. तुमच्याकडे ती संमती आहे, पण कागदावर घ्या. नवीन पक्षी सापडला तर 1926 या क्रमांकावर आधी फोन.

सोडायचे कधी? तळवा पुन्हा खरखरीत झाला, वजन सलग दहा दिवस स्थिर राहिले आणि शेपटीची निदान निम्मी पिसे शाबूत किंवा जोडलेली असली, तर पुढची पायरी. तिला मोठ्या पिंजऱ्यात न्या, किमान नऊ-दहा मीटर लांब, तीन मीटर रुंद, तीन-चार मीटर उंच. असा पिंजरा गावात नसेल तर वनविभागाला सांगून तो असलेल्या केंद्रात पाठवा. याला पर्याय नाही. तिथे दोन-तीन आठवडे. ती जमिनीवरून थेट उंच फांदीवर चढते का, दोन्ही पंख सारखेच मारते का, वळून परत येते का ते बघा. लागोपाठ सात-आठ फेऱ्या मारल्यावर चोच उघडी ठेवून धापा टाकत असेल आणि दोन मिनिटांत श्वास जागेवर येत नसेल, तर अजून थांबा. पिंजऱ्यातल्या टबात जिवंत मासा सोडून बघा, ती स्वतः झडप घालते का.

सोडण्यासाठी सकाळची वेळ घ्या, पाऊस नसलेला दिवस, वारा फार नसलेला, आणि जिथे सापडली तोच किनारा. ब्राह्मणी घारी मच्छीमार बोटी परतल्या की बंदरावर जमतात. त्या गर्दीत नव्हे, खाडीच्या आतल्या, झाडांनी घेरलेल्या जागी सोडा. पुढचे चार-पाच दिवस सकाळ-संध्याकाळ दुर्बिणीतून पाहत राहा. तेवढ्यात ती घरांच्या आसपास बसून राहिली, माणसे जवळ आली तरी उडेना, किंवा मासे सुकवण्याच्या वाळवणावरच घुटमळू लागली, तर तिला पुन्हा पकडून वजन आणि छातीचे मांस तपासावे लागेल, आणि मोठ्या पिंजऱ्यातले काही आठवडे वाढवावे लागतील.